दोघेही सुसाट, पण स्टीलचा इशारा कुणाला?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शाळांत बेसबॉलचा संघ बहुतेक उसन्या पोरांवर उभा राहतो. एखादा ॲथलेटिक्समधून येतो, एखादा खो-खोतून, एखादा क्रिकेटमध्ये जागा मिळाली नाही म्हणून. त्यात दोन पोरं वाऱ्यासारखी पळणारी निघाली की पीटी सर त्यांना शंभर मीटर पळवून बघतात आणि जो पुढे येईल त्याला स्टीलचा इशारा, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकत असताना तो मारला जायची वाट न बघता पुढचा बेस पळून गाठायचा इशारा, देऊन मोकळे होतात. बेसबॉलमध्ये ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे.

पहिल्या बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. साडेतीन मीटर लीड घेतली, म्हणजे चेंडू टाकायच्या आधीच बेस सोडून तेवढं पुढे उभं राहिलं, तर पळायला उरतात जेमतेम २४ मीटर, आणि त्यातलेही शेवटचे अडीच-तीन मीटर घसरत जायचे. शंभर मीटर मारणारा पोरगा पुरत्या वेगाला येईपर्यंत दुसरा बेस संपलेला असतो.

ओकलंड ॲथलेटिक्स या अमेरिकन संघाने १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन हा जागतिक दर्जाचा धावपटू निव्वळ पळण्यासाठी घेतला. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) त्याने एकदाही बॅटिंग केली नाही. दोन हंगामांत १०५ सामने, ४८ वेळा स्टीलचा प्रयत्न, ३१ वेळा सेफ, १७ वेळा आउट. त्याच १९७४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (तिथली अंतिम मालिका) माइक मार्शल या पिचरने त्याला पहिल्या बेसवरच पिक-ऑफ करून, म्हणजे तो लीडवर असताना चेंडू बेसवर फेकून, आउट केलं. उलट टोकाला जोश नेलर बघा. मेजर लीगमधल्या सगळ्यात संथ धावणाऱ्यांत त्याची गणना होते, तरी २०२५ मध्ये त्याने ३० स्टील केल्या आणि सापडला फक्त दोनदा.

म्हणून दोघांची तुलना करताना एकूण वेळ बघून थांबायचं नाही. त्या वेळेचे तुकडे पाडायचे. कोण कुठे वेळ घालवतो हे दिसलं की आज कुणाला पाठवायचं तेही कळतं आणि दोन महिन्यांनी कोण पुढे जाईल तेही. पुढे सोयीसाठी एकाला शंभर मीटरवाला म्हणू, दुसऱ्याला खो-खोवाला.

मैदान आणि मोजणी

लागणारं सामान थोडकं आहे: ५० मीटरची टेप, चुन्याची फक्की, दोन बेस, आणि स्लो-मोशन असलेला एक मोबाइल. हाताने दाबायच्या स्टॉपवॉचवर हे काम सोपवू नका. दाबणाऱ्याच्या बोटातच ०.२ सेकंदापर्यंत इकडेतिकडे होतं, आणि या दोघांतला फरक त्याहून कमी असणार. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेम घेतल्या तर एक फ्रेम ०.०१७ सेकंदाची होते, २४० घेतल्या तर ०.००४ ची. व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवून मोजायचा.

मोबाइल ठेवायची जागा महत्त्वाची. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या बरोबर मधोमध उभे राहा, तिथून पिचरकडे पाठ करून राइट फिल्डकडे सरळ २५ मीटर चालत जा आणि मैदानाकडे तोंड करून मोबाइल लावा. तिथून उजव्या-डाव्या हाताला दोन्ही बेस येतात आणि रेषेच्या पलीकडे, मधोमध, पिचर दिसतो. पिचरची पहिली हालचाल आणि रनरचं पहिलं पाऊल एकाच चौकटीत मिळणं हाच यातला फायदा. स्लो-मोशनमध्ये चौकट आक्रसते. बेस कापले जात असतील तर आणखी मागे सरका. ट्रायपॉड नसेल तर चार विटा रचल्या तरी चालतात, फक्त हातात धरू नका.

फक्कीने तीन खुणा करा: लीडची रेघ पहिल्या बेसपासून ३.५ मीटरवर, तिथून पुढे १० मीटरवर दुसरी रेघ, आणि दुसऱ्या बेसच्या अलीकडे ३ मीटरवर तिसरी. म्हणजे प्रत्येक धावेचे तीन आकडे निघतात. पहिला, पिचर हलल्यापासून रनर हलेपर्यंतचा. दुसरा, रनर हलल्यापासून १० मीटरच्या रेघेपर्यंतचा. तिसरा, तिथून बेसला पाय लागेपर्यंतच्या साधारण १४ मीटरचा. तिसरी रेघ घसरणीसाठी. तिचं पुढे येईल.

दोघांना एकाच दिवशी, एकाच पट्ट्यावर पळवा. शहरातली आणि खानापूरकडची तांबडी माती पावसाळ्यात बुटाला धरते आणि जानेवारीत वरची बारीक खडी पायाखालून निसटते. रायबाग-अथणीकडच्या काळ्या मातीत ओल असेल तर दहा पावलांत बुटाचं वजन वाढतं. एकाची चाचणी सोमवारी कोरड्यात आणि दुसऱ्याची गुरुवारी पावसानंतर घेतलीत तर तुम्ही पोरांची नव्हे, मातीची तुलना केलीत.

बुटांचंही तेच. शंभर मीटरवाला आपले ट्रॅकचे स्पाइक घालून येणार. ते काढायला लावा. त्या टोकदार खिळ्यांनी घसरताना घोटा अडकून मुरगळतो आणि बेसवरच्या खेळाडूची पोटरी फाटू शकते. आपल्याकडे बऱ्याच पोरांकडे फुटबॉलचे रबरी स्टडवाले बूट असतात. तसे दोघांना चालतील, पण दोघांच्या पायात एकाच जातीचे हवेत.

प्रत्येकी सहा धावा घ्या, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. क्रम अदलाबदल करा, नाहीतर दर वेळी दुसऱ्याने पळणाऱ्याला उकरलेली माती मिळते. सहाही धावांच्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरा. सगळ्यात चांगली वेळ धरण्याचा मोह होतो, पण सामन्यात सगळ्यात चांगली धाव मागवून मिळत नाही.

पिचर समोर असताना

वरच्या धावा शिट्टीवर घेतल्या तर पहिला आकडा खोटा येतो, कारण शिट्टी कधी फसवत नाही. पिचर फसवतो. म्हणून खरी चाचणी पिचर उभा करूनच घ्यायची.

दहा चिठ्ठ्या करा. सहांवर ‘होम’, चारांवर ‘पहिला’. पिचर दर वेळी एक उचलतो, मनातल्या मनात वाचतो आणि खिशात टाकतो. ‘होम’ निघाली तर बॅट्समन उभा असतो त्या होमकडे पिच टाकायचा, ‘पहिला’ निघाली तर पहिल्या बेसवर फेकायचं. रनरला काही माहीत नसतं. प्रत्येक रनरला अशा दोन फेऱ्या द्या, एक उजव्या हाताच्या पिचरसमोर आणि एक डावखुऱ्यासमोर. डावखुरा नसेल तर शोधा, दुसऱ्या शाळेचा उसना आणा. पहिल्या बेसकडे तोंड करून उभा राहणारा तोच असल्याने दोघांतला फरक त्याच्यासमोर उघडा पडतो.

वहीत दोन गोष्टी लिहायच्या. पिच असताना रनर किती उशिरा निघाला, आणि बेसवर फेकलं तेव्हा तो किती वेळा उलट दिशेला, म्हणजे दुसऱ्या बेसकडे निघालेला होता. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महागडी आहे. जो ०.१५ सेकंदात निघतो पण चारातल्या दोन वेळा फसतो, तो अंदाज पंचे खेळतोय.

काय बघायचं तेही दोघांना सारखंच शिकवून मगच चाचणी घ्या. उजव्या हाताचा पिचर पहिल्या बेसवर फेकणार असेल तर त्याचा उजवा, मागचा पाय आधी सुटतो. होमला टाकणार असेल तर तो पाय प्लेटवर (पिचरच्या पायाखालची पट्टी) खिळलेला राहून डावा गुडघा उचलला जातो. म्हणून नजर मागच्या टाचेवर. डावखुऱ्याचा उजवा पाय मोकळा असतो. तो पाय प्लेटच्या मागच्या कडेपलीकडे गेला की पिचरला पहिल्या बेसवर फेकता येत नाही, फेकलं तर बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल, रनरला पुढचा बेस फुकट). तोवर थांबायचं. रनर खांद्याकडे किंवा डोक्याकडे बघत असेल तर तो फसणार, कारण चांगला पिचर मुद्दाम डोक्यानेच फसवतो.

इथे खो-खोवाला सहसा सरस निघतो, पण नेहमी नाही. खो-खोत तो कशात तरबेज होता ते विचारा. पाटीवर बसून उठणारा आक्रमक पाठीवरच्या थापेवर आणि ‘खो’च्या आवाजावर निघतो, त्याची सवय कानाची आहे. बचाव करणारा मात्र समोरच्याचा पाय आणि कंबर वाचत जगतो. बेसवर उपयोगी पडतो तो हा दुसरा. आक्रमक पोराला टाच वाचायला तितकंच शिकवावं लागतं जितकं शंभर मीटरवाल्याला.

आकड्यांचं गणित

समोरच्या संघाची वेळ अशी काढा. पिचर हलल्यापासून चेंडू कॅचरच्या (होममागे बसून चेंडू झेलणारा) ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत एक; कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत दोन (यालाच पॉप टाइम म्हणतात, फेक ३८.८ मीटरची), टॅग लावायला, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह रनरला टेकवायला, वरचे ०.१ सेकंद. मेजर लीगमध्ये पहिला आकडा १.३ आणि दुसरा २.० च्या आसपास असतो. शालेय संघात दोन्ही बरेच मोठे निघतात. समोरचा संघ सराव करतो तेव्हा कडेला उभं राहून मोबाइलवर चार-पाच पिच आणि दोन-तीन फेकी टिपल्या की काम होतं.

समजा, पिचर १.५० आणि कॅचर २.३५, टॅग धरून ३.९५. आणि आपल्या दोघांचे आकडे असे आले:

शंभर मीटरवाला: ०.३६ + १.९० + १.७२ = ३.९८
खो-खोवाला: ०.२२ + १.८४ + १.८२ = ३.८८

पहिला तीन शतांशांनी आउट, दुसरा सात शतांशांनी सेफ. पण नुसत्या बेरजा बघून वही मिटू नका. शंभर मीटरवाल्याने निघण्यातच ०.१४ घालवले, पहिल्या दहा मीटरमध्ये आणखी ०.०६, आणि शेवटच्या १४ मीटरमध्ये ०.१० परत कमावले. त्याने निघण्याची वेळ ०.२६ वर आणली की दोघे बरोबरीत. पहिल्या दहा मीटरचे सहा शतांशही सुधारले तर तो पुढे. ही सुधारणा रोज वीस चिठ्ठ्यांच्या सरावाने दीड-दोन महिन्यांत होण्यासारखी आहे. खो-खोवाल्याचा शेवटच्या चौदा मीटरचा वेग मात्र एका हंगामात फारसा वाढत नाही. तेव्हा आज इशारा खो-खोवाल्याला. पण ‘क्षमता’ विचाराल तर ती शंभर मीटरवाल्यात जास्त शिल्लक आहे. आकडे उलटे आले असते, म्हणजे तो निघायला चपळ आणि पळायला संथ असता, तर त्याच्यात शिल्लक काही नाही असं म्हणावं लागलं असतं.

लीड वाढवून हा फरक भरता येईल असं पोरांना वाटतं. हिशेब करा: ३० सेंटिमीटर जास्त लीड घेतली तर वाचतात फक्त ०.०४ सेकंद, कारण ते अंतर शेवटी पूर्ण वेगात कापलं जाणार असतं. आणि बदल्यात पिक-ऑफचा धोका. तरीही दोघांची मर्यादा मोजून ठेवा. साडेतीन मीटरपासून १५-१५ सेंटिमीटर वाढवत जा. पिक-ऑफवर ज्या अंतरावरून दोनदा टॅग लागला, त्याच्या एक टप्पा अलीकडे त्याची लीड. उंच, लांब हातांच्या पोराला परत झेपावता येतं म्हणून त्याची जास्त येते. दोघांना एकच रेघ आखून देणं चुकीचं.

कोण कुठे चुकतो

शंभर मीटरवाल्याची पहिली खोड म्हणजे निघताना उजवा पाय आधी मागे टेकवणं. ब्लॉकमधून सुटायची सवय, मग पायाला रेटा द्यायला काहीतरी हवं असतं. त्या एका मागच्या पावलात जवळपास दशांश सेकंद जातो. इलाज असा: वजन दोन्ही चवड्यांवर, उजवा पाय चार बोटं मागे आणि पंजा किंचित दुसऱ्या बेसकडे वळलेला, निघताना उजव्या चवड्यावर वळून डावा पाय समोरून ओलांडायचा. व्हिडिओत उजवी टाच जमिनीला टेकताना दिसली की समजा खोड अजून आहे. दुसरी खोड, दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच ताठ उभं राहणं.

खो-खोवाला लीडवर नाचत असतो. हुलकावणी द्यायची सवय जात नाही. नाचताना पिचर हलला आणि नेमकं वजन डाव्या पायावर असलं की तो दोन दशांश मागे पडतो. त्याच्या सहा वेळांत एखादी अचानक वाईट दिसली तर कारण बहुधा हेच. दुसरं, तो वाकडा पळतो. खांबाला वळसा घालायच्या सवयीने रेषेच्या बाहेर अर्धा-पाऊण मीटर फुगवटा येतो. फक्कीची सरळ रेघ मारून त्यावरून पळवा, पावलांचे ठसेच सांगतील.

दोघांनाही तिसऱ्या पावलाला एकदा होमकडे नजर टाकायला शिकवा. न बघता पळणारा रनर बॅट्समनने उंच मारलेल्या चेंडूवर दुसऱ्या बेसपाशी पोचलेला असतो आणि झेल घेऊन आरामात पहिल्या बेसवर फेकतात. चाचणीत दोन-तीनदा मुद्दाम उंच चेंडू उडवा आणि कोण परत फिरतो ते लिहा. नुसतं बघण्यात वेळ जात नाही. मान वळवून बघत राहण्यात जातो.

घसरण हा सगळ्यात दुर्लक्षित तुकडा आहे, आणि कधी कधी सगळी तुलना इथे उलटते. तिसऱ्या रेघेजवळ काय होतं ते व्हिडिओत बघा. घाबरणारा पोरगा रेघेच्या आधी दोन आखूड पावलं टाकतो, किंवा उडी मारून खाली आपटतो. दोन्हीत वेग मरतो. चांगली घसरण म्हणजे बसल्यासारखं खाली जाणं: एक पाय दुमडून खाली, दुसरा किंचित वाकवून पुढे, वजन मांडी आणि नितंबावर, हात वर. खो-खोवाला सूर मारायला बघेल, ते त्याच्या रक्तात आहे. मॅटवर किंवा भुसभुशीत मातीत ठीक. आपल्या शाळांच्या मैदानावर, पक्क्या खुंटी मारलेल्या बेसवर नको. बोटं, मनगट आणि खांदा जातो. पाय पुढे टाकून घसरायला शिकवा, तेही आधी ओल्या गवतावर जुन्या पँटीत, नंतर मातीवर. हाताच्या मुठी वळून ठेवायला सांगा, म्हणजे बोटं उलटी होत नाहीत.

सामन्यातली नोंद आणि शहाणपण

सामन्यात वही ठेवाच, पण तिच्यावर घाईने विश्वास टाकू नका. एकाचे दहातले आठ, दुसऱ्याचे दहातले सात, म्हणून पहिला चांगला, असं होत नाही. ज्याचं खरं प्रमाण ७५ टक्के आहे त्याचे दहा प्रयत्नांत ६ पासून ९ पर्यंत काहीही येऊ शकतं. शिवाय शालेय सामन्यांत कॅचरच्या हातून चेंडू सुटतो किंवा फेक सेंटर फिल्डला जाते. तशा ‘फुकटच्या’ बेसची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा.

स्टील किती यशस्वी झाली तर परवडते? एक बेस मिळाल्याचा फायदा साधारण ०.२ रनचा, आणि आउट झाल्याचा तोटा त्याच्या दुपटीहून जरासा जास्त, कारण रनरही जातो आणि एक आउटही. त्यामुळे तीनातले दोन ही किमान पायरी, आणि ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली असणाऱ्याला इशारा न दिलेला बरा. वॉशिंग्टनचे ६५ टक्के संघाला महागच पडले.

संधी किती मिळतात तेही मोजा. सेंट लुइस कार्डिनल्सच्या १९८५ च्या संघात विन्स कोलमनने ११० स्टील केल्या, २५ वेळा सापडला. त्याचा साथी विली मगी ५६ करून १६ वेळा सापडला. टक्केवारीत बघितलं तर ८१ आणि ७८, फार अंतर नाही. पण कोलमन पहिला बॅटिंगला यायचा आणि मगी त्याच्या मागे. पुढचा बेस मोकळा असल्याशिवाय स्टील होत नाही. दुसऱ्या बेसवर आपलाच माणूस बसलेला असेल तर पहिल्या बेसवरच्याला वाट बघावी लागते. मगीने त्या वर्षी ०.३५३ सरासरीने लीगचा बॅटिंगचा किताब मिळवला. त्याचं मोल स्टीलच्या आकड्यात मावत नाही. तुमच्या दोघांपैकी जो जास्त वेळा पहिल्या बेसवर पोचतो त्याला वर पाठवा, मग तो दशांशभर संथ असला तरी.

शंभर मीटरवाल्याचा शेवटचा वेग वाया जाऊ द्यायचा नाही. साध्या हिटवर पहिल्या बेसवरून थेट तिसऱ्यावर, किंवा दुसऱ्यावरून होमला, ही ५५ मीटरची पळती त्याची खरी जागा आहे. तिथे तो खो-खोवाल्याला सहज मागे टाकतो.

मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी ही मापं बदलतात. बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, आणि लीड घ्यायचीच नाही. पिचरच्या हातून चेंडू सुटल्यावरच पाय बेसवरून उचलायचा, आधी उचलला तर आउट. मग पिक-ऑफच्या चिठ्ठ्या बाद करा, चेंडू सुटल्यापासून पाय उचलेपर्यंतचा आकडा आणि पहिल्या दहा मीटरचा आकडा एवढंच ठेवा. इथे शंभर मीटरवाली आणखी मागे पडू शकते, कारण तिला पळायला जागाच कमी.

मेजर लीगमध्ये २०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले आणि पिचरला एका बॅट्समनमागे पिक-ऑफसाठी प्लेटवरून फक्त दोनदा उतरता येतं. तिसऱ्यांदा उतरून रनर आउट झाला नाही तर बॉक. त्या वर्षी तिथे स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. टीव्हीवर बघून पोरं इथेही तेच धरून चालतात. आपल्या स्पर्धेत कोणते नियम आहेत ते सामन्याआधी अंपायरला विचारा, कारण पिक-ऑफला मर्यादा नसेल तर खो-खोवाल्याच्या नाचण्याला जास्त शिक्षा मिळते.

पहिल्या बेसच्या कोचने ओरडायचे शब्दही चाचणीच्या वेळीच ठरवा. आपल्या संघांत निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड. कुणी ‘माघारी’ ओरडतं, कुणी ‘निल्लू’ (थांब), आणि रनर अर्धा क्षण थबकतो. पिक-ऑफवर सगळ्यांनी एकच ‘बॅक!’ म्हणायचं. निघायचा इशारा तोंडाने द्यायचाच नाही, हाताने द्यायचा, आणि तो समजला म्हणून रनरने बेल्टला हात लावायचा. हात लागला नाही तर इशारा रद्द.